बुटांचा माग

वारा वायव्येचा. जमीन गोठून दगड झालेली, पण बर्फ अजून पडलेला नाही. ऑर्डेल वरच्या कडेनं चालतो आहे, मी खालून, दलदलीतल्या पाणकणसांच्या गवतातून, आणि आमच्यामध्ये गर्टी. माझा नवरा, मी आणि आमची कुत्री. त्याची नारिंगी टोपी मला कणसांवरून दिसते. माझी त्याला दिसत असणार. हातात माझी छऱ्याची बंदूक आहे, किती वर्षांनी, ते मोजायचं नाही असं मी ठरवलं आहे.

मला हेच हवं होतं. तो वर, मी खाली.

ही हार्लन फिशबाखची दलदल. वसंतात तो जमिनीखाली निचऱ्याचे पाइप टाकणार आहे आणि मग इथं मका होणार. आसपास एवढंच गवत उरलं आहे. म्हणजे चालायचं तर आज.

गर्टी पुढे धावते, थांबते, आणि नाक

*

नाक नंतर. आधी गवत.

आमचं लग्न झालं तेव्हा इथे मैलोगणती गवत होतं. सरकार शेतकऱ्यांशी करार करायचं, जमीन पडीक ठेवा, गवत वाढू द्या. त्या गवतात फेझंट होते, कोंबड्याएवढे रानपक्षी. ऑक्टोबरमध्ये एक नर उठायचा आणि असा काही ओरडायचा की काळजाचा ठोका चुकावा. तांबडं अंग, गळ्यात पांढरा पट्टा आणि मागे हातभर शेपूट. तो उठला की क्षणभर माणूस बंदूक विसरतो. विसरला नाही तर तो माणूस आमच्यातला नव्हे, असं ऑर्डेलचा बाप म्हणायचा.

मग करार संपले. मक्याला दिवस चांगले आले. मी शाळेची बस चालवते, त्यामुळे मी सगळं समोरच्या काचेतून पाहिलं. एका वर्षी डावीकडचं गवत गेलं. पुढच्या वर्षी उजवीकडचं. मग रस्त्याकडेचे चरसुद्धा नांगरले. पोरं मागे दंगा करत होती, मी पुढे बघत होते.

पक्षी गेले, कुत्री राहिली. पक्ष्यांवर वाढवलेली कुत्री बिनपक्ष्यांची घरात बसली की कशी दिसते सांगू? पाहुण्यांसाठी नटून बसलेली आणि पाहुणे न आलेली बाई.

"तिला पक्षी दाखवायला नकोत का?" ऑर्डेल म्हणाला, आणि ट्रॉय ब्रॅमरच्या फार्मवर कामाला लागला.

*

ट्रॉयकडे फेझंट जाळीखाली वाढतात. एकमेकांना टोचून मारू नयेत म्हणून त्यांच्या चोचीवर प्लास्टिकची झापड असते, नाकपुड्यांत अडकवलेली. शरदात झापड काढतात, पेट्यांत भरतात, ज्वारीच्या पट्ट्यांत नेऊन ठेवतात. मग लांबलांबच्या शहरांतून माणसं विमानानं येतात आणि त्यांची शिकार करतात.

ठेवायचं काम ऑर्डेलचं.

*

पक्षी झोपवणं. (आमच्या स्वयंपाकघरात. ऑर्डेलच्या हातात गुंडाळलेला टॉवेल.)

"हे बघ. पंख अंगाशी असे धरायचे. दाबायचे नाहीत, नुसते धरायचे. मान वळवून डोकं पंखाखाली घालायचं. आता अख्खा पक्षी गोल गोल फिरवायचा. हळू. मी मनातल्या मनात चर्चमधलं गाणं म्हणतो, एक कडवं पुरतं."

"कुठलं गाणं?"

"ते नाही सांगत. मग असा आडवा ठेवायचा, डोकं घातलेली बाजू खाली. पडून राहतो. तुझा बाप रविवारी जेवून पडायचा तसा."

"माझ्या बापाला मध्ये आणू नकोस."

"घोरत मात्र नाही."

"आणि मग?"

"मग पाहुणे येतात. कुत्री शोधते. पक्षी जागा होतो, उडतो."

"नाही जागा झाला तर?"

ऑर्डेलनं टॉवेल टेबलावर ठेवला. टेबलावर तो टॉवेल खरंच झोपलेला दिसत होता.

*

पुन्हा दलदल. कणसांची बोंडं फुटली आहेत, माझ्या कोटाला कापूस लागतो आहे. ऑर्डेल वरून शीळ घालतो.

"गर्टी! वर! नाक वर!"

गर्टी ऐकत नाही. तिचं नाक जमिनीला आहे.

वारा समोरून येतो आहे. समोर पक्षी असेल तर त्याचा वास हवेतून येणार. आपल्या वाटेला हवेतून पत्र येत असताना कुत्री जमीन का वाचते आहे?

हा प्रश्न मला पडतो आणि मी तो बाजूला ठेवते. आज नाही. आज छान चाललं आहे.

*

एका डॉक्टरची गोष्ट ऑर्डेल चर्चच्या तळघरात, कॉफी पिताना, सगळ्यांना सांगायचा. ट्रॉयकडे शिकारीला आलेला, दक्षिणेकडचा कुणी डॉक्टर पेल्हम. कुत्रीनं पक्षी दाखवला. पक्षी जागा झालेला पण उठायला तयार नाही, गवतात बसून डॉक्टरकडे बघतोय.

"मी म्हटलं, डॉक्टर, घ्या. तर डॉक्टर म्हणतो, छे! बसलेल्या पक्ष्यावर? मी खेळाडू माणूस आहे. उडवा आधी."

"मग?" कुणीतरी विचारायचंच.

"मग मी बुटानं ढोसला. एकदा. दोनदा. शेवटी उचलून फेकला, अक्षरशः वर फेकला, लग्नात नवरी फुलांचा गुच्छ फेकते तसा. आणि धडाधडा सगळ्यांनी एकदम. उशी फुटल्यासारखी पिसं! आणि डॉक्टर टोपी काढून म्हणतो, काय झुंजार पक्षी होता!"

तळघर हसायचं. मीही हसले, पहिल्यांदा. घरी येताना पिकअपमध्ये मी म्हटलं, "नियम तर पाळला त्यानं."

"पाळला की. म्हणून तर गंमत."

"बसलेल्याला मारायचं नाही हा नियम का आहे, ऑर्डेल?"

"का म्हणजे? पक्ष्याला संधी मिळावी म्हणून."

"हं."

"हं काय? बोल पुढे. तुझं हं मला पाठ आहे."

"नियम उरला. संधी कुठाय?"

तो म्हणाला, "तू कोंबडी खातेस ना? ती कुठे उडून येते तुझ्या ताटात?"

"कोंबडीवर मी टोपी घालून चालून जात नाही. आणि तिला झुंजार म्हणत नाही."

"ट्रॉयचेही काही निसटतात. लांब जातात."

"आणि संध्याकाळी जाळीशी येऊन बसतात. आत घ्या म्हणून. तूच सांगितलंस."

ते त्यानंच सांगितलं होतं, आणि सांगताना त्याचा चेहरा हसणाऱ्या माणसाचा नव्हता.

*

मोसम संपताना ट्रॉय कामगारांना एक रविवार देतो. उरलेले पक्षी, ज्याला मारायचे त्यानं मारा, बायकामुलांना आणा, वर मटणाचे तळलेले तुकडे आणि बिअर. ऑर्डेलनं माझे बूट तेल लावून दारात ठेवले होते.

मी म्हटलं, "तुझ्या हाताखालून गेलेला पक्षी मी मारणार नाही."

त्यानं ऐकलं: तुझ्याबरोबर चालणार नाही.

मी तसं म्हटलं नव्हतं. पण तो एकटा पिकअपकडे गेला तेव्हा मी दारात उभी राहून बघत होते, हाक मारली नाही. संध्याकाळपर्यंत ते वाक्य मी म्हटल्यासारखं झालं होतं. त्यानंतर त्यानं मला कधी विचारलं नाही.

भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटलं असतं. आम्ही जेवत होतो, टीव्ही बघत होतो, एकमेकांची औषधं आणत होतो. ऑक्टोबर आला की बसच्या काचेतून कुणाच्या तरी शेतात दोन नारिंगी टोप्या दिसायच्या, एक वर, एक खाली, आणि मी वेग कमी करायची. मागून पोरं ओरडायची, "मिसेस टोर्सन, उंदीर मेला का इंजिनात?" संध्याकाळी ऑर्डेलच्या बाहीला एखादं पीस चिकटलेलं असायचं. ते मी काढायची. एवढीच आमची शिकार.

*

परवा तो पाव चावता चावता म्हणाला, "फिशबाखच्या दलदलीत एक नर आहे."

"ट्रॉयचा पळालेला असेल."

"नाही. शेपूट बघायला हवं होतंस. पिंजऱ्यातल्यांची शेपटं जाळीला घासून तुटतात. याचं अख्खं आहे."

"नाकाला भोकं? झापडीची?"

"उडत्या पक्ष्याचं नाक कोण बघतं, मार्लिस?"

मी बशा उचलल्या. तो पाणी प्यायला. पेला ठेवला, पुन्हा उचलला, तो रिकामा होता.

"येतेस?"

मी पाठमोरी होते म्हणून बरं. या वयात बाईनं असं लाल व्हावं हे काही बरं नाही. म्हटलं, "टोपी उंदरांनी खाल्ली असेल."

"माझी दुसरी आहे."

"ती मोठी होते."

"तुझं डोकं काही लहान नाही."

असं ठरलं.

आज सकाळी मी बंदूक पुसत होते. तो म्हणाला, "मी फिशबाखला सांगून येतो." कुणाच्या जमिनीत पाऊल टाकायचं तर आधी त्याला सांगायचं, ही आमच्याकडची रीत.

"फोन कर की."

"माणसानं तोंड दाखवावं."

गेला आणि आला. गाल थंडीनं लाल, गुडघा जरा जास्त ओढत. मला वाटलं, हार्लननं बाहेरच उभं करून गप्पा मारल्या असतील.

*

आता नाक.

रानपक्ष्यावर चालणारी कुत्री डोकं उंच धरते. वाऱ्यात आडवीतिडवी फिरते, हवा चाळते. ट्रॉयच्या फार्मवर दोन मोसम काम केलेली कुत्री तसं करत नाही. तिला कळून चुकलेलं असतं की हवेत कशाला शोधा, सकाळी जो माणूस इथून चालत गेला त्याच्या बुटांचा माग धरा, मागाच्या शेवटी पक्षी आहे. हे ऑर्डेलच मला चिडून सांगायचा. "कुत्री बिघडतात तिथं. पक्षी सोडून मला शोधतात."

चिडून सांगायचा, आणि आज विसरला. की त्याला वाटलं असेल, माझ्या लक्षात येणार नाही. की मी लक्ष देणार नाही.

जमिनीवर ठसा नाही. बर्फ नसलेला दिवस त्यानं बरोबर निवडला आहे. पण गर्टी वाचते आहे आणि मी गर्टीला वाचते आहे.

फाटक. गर्टी फाटकाच्या खांबापाशी हुंगते. म्हणजे तो तारेखालून वाकून आला नाही, गुडघा वाकत नाही, फाटकातून आला. पुढे सरळ. मग दगडांच्या ढिगाशी ती थांबते, गोल फिरते, एका सपाट दगडावर नाक ठेवते. इथं तो बसला. कोटाच्या आत पक्षी घेऊन, एका हातानं गुडघा दाबत. पुढे गोठलेलं डबकं. सरळ गेलं तर जवळ, पण गर्टी लांबून वळसा घालते. म्हणजे त्यानं वळसा घातला. एकटा असता तर नसता घातला. घसरलो तर पक्षी अंगाखाली येईल.

मग एका जागी गर्टी मागे वळते. थेट फाटकाच्या दिशेनं निघते, बरीच पावलं. थांबते. पुन्हा उलटी फिरून पुढे येते.

मी पण थांबते.

तो इथून परत निघाला होता. पक्षी घेऊन, न ठेवताच, घरी. आणि मग पुन्हा वळला.

*

(ऑर्डेल. त्या जागी उभा राहून तू काय ठरवलंस? मला वाटतं तू तुझ्या बापाला आठवलंस आणि परत निघालास. आणि मग तुला माझे तेल लावलेले बूट आठवले.)

*

गर्टी थिजते. शेपटी ताठ, एक पाय वर. कणसांच्या बुंध्याशी दाट गवत आहे, त्यावर तिची नजर.

"मार्लिस!" ऑर्डेल ओरडतो. आवाज चिरकतो. "तुझा आहे! सावकाश ये!"

मी जाते.

इथून पुढे फार सोपं आहे. मी जाऊन गवतात पाय आपटायचा. पक्षी जागा होणार, उठणार, कदाचित ओरडणारसुद्धा. मी मारणार. ऑर्डेल तो उचलून, झटकन नाक अंगठ्याखाली झाकून, माझ्या कोटाच्या मागच्या खिशात टाकणार. रात्री साय घालून शिजवायचा. रविवारी तळघरात तो सांगणार, फिशबाखच्या दलदलीतला शेवटचा रानटी नर, माझ्या बायकोनं. तो मला चालायला नेईल पुन्हा. दर वर्षी कुठेतरी एखादा निघेल. मला कळलं आहे हे त्याला कळेल, कदाचित आत्ताच कळलं असेल, आणि मग आम्ही दोघं मिळून ते सांभाळू, लोकं आंधळी मांजर सांभाळतात तसं. वाईट काय आहे त्यात? माणसं याहून वाईट गोष्टींवर संसार करतात.

मी बंदुकीची कळ सरकवते. आता ती उडू शकते.

आणि तो दिसतो.

तो झोपला आहे. डोकं पंखाखाली, डावी कूस खाली. शेपूट खरंच अख्खं आहे. जाळीखालच्या एवढ्या पक्ष्यांतून अख्ख्या शेपटीचा एक शोधायचा म्हणजे त्यानं किती दिवस बघून ठेवला असेल. वाऱ्यानं त्याच्या छातीवरचं तांबडं पीस उलटतं, खालचं करडं दिसतं, पुन्हा मिटतं. श्वास चालू आहे.

आपटायला मी पाय उचलते. आणि मला डॉक्टर पेल्हम आठवतो, टोपी काढलेला.

मी कळ परत लावते. बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकते आणि गवतात बसते. जमीन इतकी गार आहे की कंबर ओरडते.

"काय झालं?" ऑर्डेल वरून उतरतो आहे, ओढत. "मार्लिस, पडलीस का?"

"नाही. बसले."

तो येतो. माझ्याकडे बघतो, पक्ष्याकडे बघतो, गर्टीकडे बघतो. गर्टी अजून ताठ उभी आहे, तिला वाटतं आहे तिनं फार मोठं काम केलं.

"डावी कूस," मी म्हणते.

तो टोपी काढतो. डोक्यावरून हात फिरवतो. पुन्हा घालतो.

"डावीवर जास्त वेळ राहतात," तो म्हणतो. मग, "फिशबाखनं सांगितलं?"

"तिनं सांगितलं."

तो गर्टीकडे बघतो आणि त्याला कळतं. हे त्याला एकदम कळतं, कानशिलात बसल्यासारखं. "मूर्ख कुत्री."

"तिला नको बोलूस. तिला जे शिकवलं ते तिनं इमानानं केलं."

"मूर्ख म्हातारा, मग."

"तो आहे."

तो बंदूक दुसऱ्या हातात घेतो.

"मला वाटलं, एक तरी उठावा," ऑर्डेल म्हणतो. "तू जवळ असताना. तुला ऐकू यावा. तू वर बघायचीस ना, तो ओरडला की. तोंड उघडं टाकून. बंदूक विसरायचीस."

"मी?"

"दर वेळी. मी पक्ष्याकडे कुठे बघायचो?"

हे मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं, आणि हे माहीत नव्हतं.

"दगडांपाशी बसलास ना तू?" मी विचारते.

"तेही सांगितलं तिनं?"

"आणि परत निघाला होतास."

"हो." तो नाक पुसतो. "तो कोटात जागा झाला होता. हलत होता. मला वाटलं, तू बघशील तेव्हा त्यानं असं पडलेलं असू नये. पण मग तुला काय सांगणार होतो? चल, नुसतं चालू या?"

"का नाही?"

"बंदुकीशिवाय मी कधी कुठे चाललोय?"

"ते खरं. गुडघ्याच्या डॉक्टरनं चालायला सांगितलं तरी नाही."

तो हसतो, नाकातल्या नाकात. मग वाकता येत नाही म्हणून एका हातानं माझा खांदा धरून खाली बसतो, पक्ष्याचं डोकं पंखाखालून अलगद काढतो आणि त्याला पायांवर उभा करतो. नर डोळे उघडतो. मान हलवतो. नाकपुड्यांत दोन भोकं आहेत, आरपार.

तो उडत नाही. तीन पावलं चालतो आणि ऑर्डेलच्या बुटाशी येऊन उभा राहतो.

"जा की बाबा," ऑर्डेल म्हणतो. "जा. बाईमाणूस बघतंय."

मला हसू फुटतं आणि ते मधेच भलतंच काहीतरी होतं, म्हणून मी तोंड कणसांकडे करते. नर विचार करतो. मग शेपूट मिरवत, घाई न करता, पाणकणसांत शिरतो. गर्टी त्याच्याकडे बघते, ऑर्डेलकडे बघते, हे नेहमीसारखं नाही असं तिच्या चेहऱ्यावर.

"कोल्हा खाईल," ऑर्डेल म्हणतो.

"खाऊ दे. कोल्हा त्याला आणून ठेवायला आला नव्हता."

*

आम्ही एकमेकांना उठवतो. यात वेळ जातो. तो बंदुकीतली काडतुसं काढायला लागतो. "चल घरी. कॉफी करतो."

"उत्तरेकडचं टोक बघितलंस तू?"

"तिकडे काही नाही, मार्लिस."

"बघितलंस का?"

"नाही. तिथवर गुडघा जात नाही. पण इकडचं सगळं पालथं घातलंय मी महिनाभर. एक पीस नाही. विष्ठासुद्धा नाही. खरंच शोधत होतो, तुला आणायचं म्हणून. नाही मिळाला म्हणून मग..." तो हात हवेत सोडून देतो.

"म्हणजे उत्तरेकडे काय आहे ते तुला माहीत नाही."

"माहीत नाही असं नाही, पण..."

"ऑर्डेल."

"नाही. माहीत नाही."

"मला पण नाही." मी खिशातून काडतुसं काढते आणि बंदुकीत घालते. बोटं बधिर आहेत, एक खाली पडतं, तो ते उचलून देऊ शकत नाही, मीच वाकते. "भर तुझी. आणि वर जा. तू वरच्या कडेला."

तो माझ्याकडे बघतो, मग बंदूक भरतो.

गर्टीला काय करावं कळत नाही. पुढे माग नाही. ती काही अंतर जाते, जमीन हुंगते, जमीन कोरी आहे. परत येऊन ऑर्डेलचे बूट हुंगते. मग माझे. मी तिला पायानं हलकेच पुढे लोटते. "आम्हाला नको विचारूस, बये. आज आम्हालाच ठाऊक नाही."

ती जाते. कणसांत शिरते, दिसेनाशी होते.

आम्ही चालतो. वारा तोंडावर आहे, डोळ्यांतून पाणी येतं आहे, ते कशाचं हे विचारायचं कारण नाही. कणसांवरून त्याची टोपी वरखाली होते, गुडघ्यामुळे एका बाजूला जास्त. मी हाक मारते.

"काही?"

"नाही. तुझ्याकडे?"

"नाही."

पुढे.

"काही?"

"नाही. दमलीस?"

"नाही. तू?"

"हो."

"थांबू या?"

"नको!"

पुढे. बर्फाची पहिली बारीक भुकटी वाऱ्यातून येते आणि कोटावर टिकत नाही. समोर कणसं विरळ होत चालली आहेत, त्यांच्यामधून फिशबाखचं कुंपण दिसायला लागलं आहे, आणि कुंपणापलीकडे नांगरलेली काळी जमीन, थेट आभाळापर्यंत. गवत फार उरलेलं नाही. वर त्याची टोपी हळू झाली आहे. तो गुडघ्यामुळे हळू झाला आहे असं नाही, मला त्याची गुडघ्याची चाल माहीत आहे, ही ती नाही.

मीही पावलं लहान करते, उरलेलं गवत पुरावं म्हणून.